माहुलीहून ग्वाल्हेरकडे

शहापूर तालुक्यात आग्र्याचे नाव लहानपणीच कानावर पडते, ते रस्त्यामुळे. मुंबईहून निघालेला आग्रा रोड वासिंद, आसनगाव मागे टाकून, माहुलीचा डोंगर डाव्या हाताला ठेवून कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. शेणवा, किन्हवली, डोळखांब या आतल्या गावांतल्या माणसाला हा रस्ता म्हणजे बाजाराला, दवाखान्याला किंवा कामाला जाताना गाडी मिळण्याची जागा. त्याच्या दुसऱ्या टोकाला खरोखर आग्रा नावाचे शहर आहे, याचा विचार करण्याचे प्रयोजन सहसा पडत नाही. मध्यंतरी शेणव्याहून आम्ही चार मित्र पाच दिवसांसाठी ग्वाल्हेर, झाशी आणि आग्रा पाहून आलो. प्रवासाचे वर्णन करण्याचा येथे हेतू नाही. तशी वर्णने उदंड आहेत. या शहरांचा आणि आमच्या तालुक्यातल्या एका किल्ल्याचा जो संबंध आहे, त्याविषयी थोडे लिहायचे आहे.

जुन्या मराठीत 'हिंदुस्थान' हा शब्द आजच्यापेक्षा आकुंचित अर्थाने येतो. नर्मदेपलीकडचा मुलूख तो हिंदुस्थान. आपण राहतो ते कोकण किंवा देश. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर निघाले, ते याच अर्थाने हिंदुस्थानात निघाले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, असा साधा हिशोब त्यामागे होता. प्रत्यक्षात ते बंडात सापडले आणि १८५८ च्या वसंतात झाशी पडताना, लुटली जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये, भटजींच्या मृत्यूनंतर, संपादून प्रसिद्ध केले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ छापला तो १९६६ मध्ये. मराठी माणसाला झाशी आपली वाटते, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. ग्वाल्हेर शिंद्यांमुळे आपले वाटते, आग्रा महाराजांच्या सुटकेमुळे. ही तीन नाती सर्वांना ठाऊक असतात. माहुलीचे नाते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

ते नाते १६३६ सालचे आहे. अहमदनगरची निजामशाही तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि हुसेन निजामशहा मोगलांच्या हाती लागला. त्यानंतर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला मुर्तझा नावाचा एक अल्पवयीन मुलगा गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवले. शहाजहानसारखा बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला, विजापूरच्या आदिलशहाने १६३६ च्या मे महिन्यात त्याच्याशी तह केला, आणि कालपर्यंत आतून मदत करणारे विजापूरकरही शहाजीराजांच्या पाठीवर सोडले गेले. महाबतखानाचा मुलगा खानजमान एका बाजूने आणि विजापूरचा सरदार रणदुल्लाखान दुसऱ्या बाजूने, असा पाठलाग सुरू झाला. शहाजीराजे घाट उतरून कोकणात आले आणि त्या मुलासह माहुलीवर चढले.

ज्यांनी माहुली पाहिला आहे त्यांना ही निवड समजते. मधला माहुली आणि दोन बाजूंचे भंडारगड आणि पळसगड असा हा तिहेरी डोंगर. उंची अडीच हजार फुटांच्या वर, सुळके आणि तुटलेले कडे, आणि पावसाळ्यात सभोवार रान. पण वेढा पडल्यावर धान्य संपणारच. वर्षाच्या उत्तरार्धात शहाजीराजांनी बोलणी लावली. मोगली चाकरीत घ्यावे ही त्यांची विनंती बादशहाने मानली नाही. त्यांनी आदिलशहाची चाकरी पत्करावी, जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन आदी किल्ले सोडावेत आणि मुर्तझाला मोगलांच्या स्वाधीन करावे, असे ठरले. जीवधन हा मुरबाडकडून नाणेघाट चढून गेले की समोर उभा ठाकणारा किल्ला. म्हणजे या तहात आमचे दोन्ही तालुके सापडले. माहुलीवरून तो मुलगा खाली उतरला आणि निजामशाही संपली.

त्याला ग्वाल्हेरला पाठवण्यात आले. ग्वाल्हेरचा किल्ला हा मोगलांचा राजबंद्यांचा तुरुंग. १६०० साली अहमदनगर पडले तेव्हा धरलेला बहादूर निजामशहा तेथे पाठवला गेला होता; १६३३ नंतर हुसेन गेला; आता हा तिसरा. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने तीन निजाम एकाच किल्ल्यात अडकल्याची नोंद केली आहे. बादशाही दृष्टीने तो एका मोहिमेचा समाधानकारक हिशोब होता.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मानसिंह तोमराने बांधलेला मानमंदिर महाल आहे. बाहेरून निळ्या, पिवळ्या चिनी मातीच्या फरशांची नक्षी, हत्ती, बदके, केळीची झाडे. आतून जिना उतरत गेले की जमिनीखालच्या गोल, अंधाऱ्या खोल्या. मोगलांनी या तळघरांचा तुरुंग केला. वाटाड्या तेथे उभा राहून औरंगजेबाचा भाऊ मुराद याची कथा सांगतो. मुरादला १६६१ मध्ये याच किल्ल्यात मारण्यात आले. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याचा शेवटही येथेच झाला. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद जहांगीराच्या काळात येथे कैदेत होते. त्यांच्या स्मरणार्थ किल्ल्यावर मोठा गुरुद्वारा आहे आणि तेथे लोक माथा टेकून लंगरात जेवतात. गुरूंची आठवण त्यांच्या पंथाने जपली, मुरादची वाटाड्यांनी. माहुलीहून आलेल्या मुलाची आठवण जपायला कोणी उरले नाही. त्याचा पंथ नव्हता, आणि त्याचे राज्य तर त्याला खाली उतरवतानाच संपले होते.

आपणही ती जपली नाही. मराठी इतिहासात १६३६ चा माहुली येतो तो शहाजीराजांच्या चरित्रातला एक पराभव म्हणून. तेथून राजे विजापूरकडे गेले, पुढे कर्नाटकात गेले, पुणे-सुप्याची जहागीर राहिली आणि तिच्यातून स्वराज्य उभे राहिले, असा पुढचा धागा आपल्या हाती असतो. तो खराही आहे. परंतु ज्याच्या नावाने तीन वर्षे लढाई चालली, तो मुलगा या धाग्यातून गळून पडतो. शहाजीराजांना दोष देण्याचा येथे प्रश्नच नाही. दोन सैन्यांच्या कैचीत सापडलेल्या सरदाराने जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवले. मात्र त्याची किंमत कोणी मोजली हे सांगितल्यावाचून माहुलीचा इतिहास पुरा होत नाही.

या कथेचा उत्तरार्ध आग्र्यात आहे. पुढे माहुली शिवाजी महाराजांकडे आला आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत तो गेला. १२ मे १६६६ रोजी महाराज आग्र्याच्या दरबारात उभे होते, तेव्हा माहुली मोगलांच्या ताब्यात होता. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मराठी यात्रेकरू तेथे नमस्कार करून आत शिरतो आणि महाराजांची कोठडी कोणती, असे विचारतो. वस्तुतः नजरकैद किल्ल्यात नव्हती; ती शहराबाहेर, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळ होती. ऑगस्टमध्ये महाराज तेथूनच निसटले.

त्यानंतर माहुलीचा किल्लेदार होता मनोहरदास गौड, उत्तरेकडचा राजपूत. १६७० च्या आरंभी मराठ्यांनी घातलेला छापा त्याने मोडून काढला. पण पुढे कुमक पोहोचत नाही असे पाहून त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलावर्दी बेग आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये माहुली पुन्हा स्वराज्यात आला. आपल्याला ग्वाल्हेर जितके परके, तितकाच मनोहरदासाला माहुलीचा पावसाळा परका असणार. आपल्या बखरींत तो केवळ शत्रूकडचा किल्लेदार म्हणून राहिला, आणि मुर्तझा लाहोरीच्या लेखी तिसरा निजाम. परमुलखात राहून गेलेल्यांच्या वाट्याला बहुधा एवढेच येते.

अशा सहलींत आपण मुख्यतः ओळखीचे शोधतो: झाशीत राणी, ग्वाल्हेरात शिंदे, आग्र्यात महाराज. ते मिळाले की समाधान होते, आणि उरलेले सारे 'त्यांचा इतिहास' ठरते. माहुलीचा मुलगा या वाटणीत कोठेच बसत नाही. तो मुसलमान, परंतु दख्खनचा. राजा, परंतु दुसऱ्याच्या हातचा. आपल्या डोंगरावरून उतरलेला आणि त्यांच्या तळघरात संपलेला. शहापूर-मुरबाडकडच्या कोणी ग्वाल्हेरला जाईल, तर मानमंदिराच्या तळघरात मुरादची गोष्ट ऐकून झाल्यावर त्याने क्षणभर त्याचीही आठवण करावी. तेथील वाटाड्याला ती गोष्ट सांगता आली तर अधिकच उत्तम. माहुलीचे नाव त्या किल्ल्यावर कोणीतरी घेतलेच पाहिजे.