ब्रिटन आणि युरोपीय संघ : सभासदत्वाचे अर्धशतक

युरोपीय संघाच्या सभासदत्वासाठी ब्रिटनने दोनदा दार ठोठावले, दोनदा नकार पचवला, पुढे सत्तेचाळीस वर्षे सभासद म्हणून काढली आणि अखेर स्वतःहून बाहेरचा रस्ता धरला. एडवर्ड हीथ यांच्यासारखा अपवाद वगळता लंडनमधील बहुतेक सरकारांची भूमिका एकच राहिली: बाजारपेठेचा लाभ हवा, राजकीय एकीकरणाचे बंधन नको. या धोरणावर युरोपपेक्षा पक्षांतर्गत मतभेदांचाच प्रभाव अधिक होता.

उशिराचा प्रवेश

१९५७ च्या रोम कराराने फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी युरोपीय आर्थिक समुदायाची पायाभरणी केली. राष्ट्रकुल आणि अमेरिकेशी असलेल्या संबंधांवर विसंबून ब्रिटन त्यापासून दूर राहिला. सहा देशांची भरभराट पाहून हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या सरकारने १९६१ मध्ये अर्ज केला. मात्र फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये ब्रिटनची वाट अडवली. द गॉल पायउतार झाल्यानंतर हीथ यांनी वाटाघाटी तडीस नेल्या आणि १ जानेवारी १९७३ रोजी आयर्लंड व डेन्मार्कसह ब्रिटनला प्रवेश मिळाला.

पुढच्याच वर्षी सत्तेवर आलेल्या मजूर पक्षात या प्रश्नावर उभी फूट होती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी अटींची फेरवाटाघाट करून ५ जून १९७५ रोजी सार्वमत घेतले. सामूहिक जबाबदारीचा संकेत बाजूस ठेवून मंत्र्यांना परस्परविरोधी प्रचाराची मुभा देण्यात आली. ६७ टक्के मतदारांनी सभासदत्वाच्या बाजूने कौल दिला. पक्ष सावरला; प्रश्न मात्र मिटला नाही.

सवलतींचे राजकारण

मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये फाँतेनब्लो येथील परिषदेत ब्रिटनच्या वर्गणीत कायमची सूट मिळवली. एकल बाजारपेठेच्या त्या पुरस्कर्त्या होत्या. तथापि १९८८ च्या ब्रुजमधील भाषणात त्यांनी ब्रसेल्समधील वाढत्या केंद्रीकरणावर कठोर टीका केली. जॉन मेजर यांनी मास्ट्रिख्ट करारात सामाईक चलनापासून अलिप्त राहण्याचा अधिकार मिळवला. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंडाला युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून माघार घ्यावी लागली आणि हुजूर पक्षातील युरोपविरोधकांना बळ मिळाले.

टोनी ब्लेअर यांचा कल युरोपकडे होता. मात्र अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी युरो स्वीकारण्यासाठी पाच आर्थिक कसोट्या ठरवल्या आणि २००३ मध्ये त्या पूर्ण होत नसल्याचा निर्वाळा दिला. सीमेवरील तपासणी रद्द करणाऱ्या शेंगेन व्यवस्थेतही ब्रिटन सामील झाला नाही. याउलट २००४ मध्ये पूर्व युरोपातील नव्या सभासदांच्या कामगारांना, आयर्लंड आणि स्वीडनप्रमाणे, ब्रिटनने लगेच प्रवेश दिला. स्थलांतर हा पुढे कळीचा मुद्दा ठरला.

दुसरे सार्वमत

जानेवारी २०१३ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांनी सार्वमताचे आश्वासन दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये काही सवलती पदरात पाडून घेऊन, विल्सन यांच्याप्रमाणेच मंत्र्यांना मोकळीक देत, ते मतदारांसमोर गेले. या वेळी डाव उलटला. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. इंग्लंड व वेल्स यांनी एक्झिटचा, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांनी संघात राहण्याचा कौल दिला.

राहायचे की जायचे, एवढेच मतपत्रिकेवर होते. जायचे कसे, हे नव्हते. त्याची किंमत पुढील सरकारांना मोजावी लागली. थेरेसा मे यांचा करार २०१९ मध्ये संसदेने तीनदा फेटाळला. १९९८ च्या शांतता करारानंतर खुली राहिलेली आयर्लंडमधील सीमा हा सर्वांत अवघड पेच होता. बोरिस जॉन्सन यांच्या करारानुसार उत्तर आयर्लंडला मालाबाबत युरोपीय नियम लागू राहिले, त्यामुळे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये तपासणी आली. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती सौम्य केली. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडला आणि संक्रमणकाळ त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपला.

याची झळ गोव्यापर्यंत पोहोचली. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोमंतकीयांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते. त्या पारपत्रावर अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन व साउथॉल येथे, स्थायिक झाली. २०२० अखेरपूर्वी तेथे पोहोचलेल्यांचे हक्क टिकले. नंतर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी व्हिसाविना कामाची वाट बंद झाली.

परतीला मर्यादा

जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या किअर स्टार्मर यांच्या सरकारने संबंध सुधारण्याचे धोरण जाहीर केले. मे २०२५ मधील लंडन परिषदेत संरक्षण, मासेमारी आणि खाद्यपदार्थांच्या व्यापाराबाबत सहमती झाली. मात्र एकल बाजारपेठ, सीमाशुल्क संघ आणि मुक्त संचार यांत परतणार नसल्याचे मजूर पक्षाने निवडणूक जाहीरनाम्यातच स्पष्ट केले होते. बाजारपेठ हवी, बंधन नको, ही जुनीच भूमिका. फरक इतकाच की आता सवलत मागणारा देश सभासद नाही. निर्णय होतात त्या सभागृहात त्याला मत नाही आणि नकाराधिकारही नाही.