चाकांवरच्या घराची गळती

जुनं ट्रेलर-घर बघायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग स्टोव्ह पेटवून बघतो. मी आधी खिडकीखालच्या प्लायवूडवर अंगठा दाबते. लाकूड दबलं, की पाणी कैक वर्षं आत मुरतंय हे नक्की. मिशिगनमध्ये १९५०-६०च्या दशकांतली ही घरं दुरुस्त करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे : पावसाला बाहेर ठेवण्याची खटपट हाच यांचा इतिहास, आणि तो वाचायचा तर खिडकी काढावी लागते.

ही खटपट सुरू झाली आमच्या डेट्रॉइटमध्ये. १९२९ साली आर्थर शर्मन या जीवाणुशास्त्रज्ञाने घरच्यांसोबतच्या सहलीसाठी घडीच्या तंबूचा ट्रेलर विकत घेतला. चुटकीसरशी उभा राहणारा, पाणी आत न येऊ देणारा, अशी त्याची जाहिरात होती. पाऊस कोसळला तेव्हा तो वेळेत उभा राहीना आणि सगळं कुटुंब चिंब भिजलं. शर्मनने मग ६ फूट रुंद आणि ९ फूट लांब अशी टणक भिंतींची खोलीच मेसोनाइटच्या तक्त्यांनी चाकांवर बांधून घेतली. १९३०च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात त्याने ती मांडली. १९३६पर्यंत त्याची ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी देशातली सर्वांत मोठी ट्रेलर उत्पादक झाली होती.

पण टणक भिंतीला खिडकी हवी. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, आणि भोक आलं की सांधा आला. पुढची सगळी लढाई या सांध्यावर झाली. कॅलिफोर्नियात हॉली बाउलसने १९३४मध्ये विमानासारखं रिव्हेट मारलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कवच बनवलं, १९३६मध्ये वॉली बायमचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ त्याच वाटेने आला. ती घरं महाग. युद्धानंतर सामान्य नोकरदारांच्या दारात आली ती स्वस्त घरं : आत पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्याला आतून बर्चचं प्लायवूड, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. खिडकीची चौकट या पत्र्यावर स्क्रूंनी आवळलेली, आणि मध्ये तेलातल्या पुटीची पट्टी.

गळतीचं मूळ या जोडणीत आहे. उन्हाथंडीत ६५ अंशांचा फरक पडला, तर ५ मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे साडेसात मिलिमीटर वाढतं. लाकूड लांबीत त्याच्या पावपटही वाढत नाही. त्यात रस्त्याचे हादरे. पुटीत तेल आहे तोवर ती ही ओढाताण सोसते. तेल उडालं की चिरते. चिरेतून आलेलं पाणी लोखंडी स्क्रूला गंजवतं, स्क्रू लाकडातली पकड सोडतो, फट रुंदावते.

डाग दिसतो तिथेच गळती असते असं मात्र नाही. छत आणि भिंत जुळतात तिथल्या पट्टीखालून शिरलेलं पाणी सांगाड्यावरून उतरतं आणि खिडकीच्या कोपऱ्यात दिसतं. म्हणून मी पाइपची धार बारीक ठेवते आणि खालून वर जाते : आधी चौकटीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छत. आत बॅटरी घेऊन एक जण बसलेला असतो. वरून सुरुवात केली, तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही.

जागा सापडली की स्क्रू काढायचे आणि प्लास्टिकच्या पट्टीने चौकट अलगद सोडवायची. जुनी पुटी बिस्किटासारखी तुटते. पत्रा मिनरल स्पिरिटने पुसायचा, कुजकी पट्टी कापून नवी बसवायची. मग पुटीच्या जागी ब्यूटाइलची टेप. ब्यूटाइल रबर १९३७मध्ये अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ते मऊ राहतं आणि पत्र्यासोबत ताणलं जातं. स्क्रू एका बाजूने घट्ट करत जायचं नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. दिवसभर ऊन खाऊ दिलं की टेप बाहेर डोकावते. तेव्हा पुन्हा हलकेच आवळून जास्तीची टेप कापायची.

मला खरा राग येतो तो चौकटीभोवती फासलेल्या सिलिकॉनचा. आधीच्या मालकांनी थरावर थर दिलेले असतात. जुन्या सिलिकॉनला नवं धड चिकटत नाही. त्याहून वाईट म्हणजे चौकटीच्या खालच्या कडेची बारीक भोकं बुजतात. आत आलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून कारखान्याने ती मुद्दाम ठेवलेली. ती बुजली की तेच पाणी भिंतीत उतरतं.

माझ्या माहेरी, राजापूरकडे, पावसाआधी घर शाकारतात. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा रचायची. त्यामुळे घर वाईट बांधलं होतं असं कुणी म्हणत नाही. या खिडक्यांचंही तसंच आहे. त्या स्क्रूंनी बसवल्या, म्हणजे काढता येतील अशाच बसवल्या. सांध्यातला मसाला जन्मभर पुरणारा नव्हताच. तो ठरावीक काळाने बदलायचा होता. ज्यांनी बदलला त्यांची घरं साठ वर्षांनीही रस्त्यावर धावतात. ज्यांनी नुसतं वरून लिंपलं त्यांच्या घरांचा सांगाडा आतल्या आत भुसा झाला. म्हणून दारात असं घर उभं असेल, तर सिलिकॉनची नळी दुकानातच राहू द्या आणि पहिल्या कोरड्या दिवशी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.