बुद्धिचाचणीचा जन्म पॅरिसचा

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे शिक्षण देता यावे, यासाठी फ्रान्स सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली. तिचे सदस्य आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये ३० कसोट्यांची चाचणी सिद्ध केली. पेटत्या काडीमागे नजर फिरवणे, ही त्यातली पहिली कसोटी! 'मानसिक वय' ही संकल्पना १९०८ मध्ये आली. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या निधनानंतर १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले आणि बुद्ध्यंक जन्मला. अमेरिकेत १९१६ मध्ये तो रूढ करणारे लुइस टर्मन मात्र बुद्धी जन्मजातच मानत. मदतीसाठी निघालेल्या चाचणीचा शिक्का झाला तो तेथे. मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी बिने चाचणी बेतली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी; त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले.