पालक: दाता की तपासनीस?

मंडळी, कार्ल्यात बोलायचं म्हणजे सुरुवात वरच्या लेण्यापासूनच करावी लागते. चैत्यगृहातल्या कित्येक खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत; आणि दाराच्या कामावर सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. देणारा आणि घडवणारा, दोघांचा मान एकाच लेण्यात राहिला. शाळेत मात्र पालक आणि शिक्षक एकमेकांकडे जरा संशयानंच पाहतात. असं का, एवढाच आमचा आजचा प्रश्न.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगर धरायची त्यांना लाज वाटू नये, लोकांत त्यांनी मिसळावं, असं त्यांचं म्हणणं. नीट पाहा, इथे पालकाला शाळेत बोलावलेलं नाही. शिक्षकालाच लोकांकडे धाडलं आहे.

इतर देशांची वाट निराळी. अमेरिकेत १८९७ मध्ये मातांनी राष्ट्रीय परिषद भरवली. तिथले पालक-शिक्षक संघ तिच्यातून वाढले. इंग्लंडात काही शाळांत ‘पालकांनी यापुढे येऊ नये’ अशी पाटी असे. १९६७च्या प्लाउडन अहवालानं पालकांना आत घ्या म्हटलं. जपानमध्ये महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात असे संघ आले. पण शिक्षकानं मुलाच्या घरी जाऊन यायची रीतही तिथे आहे.

आपला २००९चा शिक्षणहक्क कायदा तर शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना देतो, निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात म्हणतो. पण भातलावणीच्या दिवसांत दुपारी बैठक ठेवली, तर आई येणार कशी? मग सही घरपोच घेतली जाते आणि आपण म्हणतो, पालकांना आस्था नाही.

आम्हीही तरुणपणी खेड्यातल्या शाळेत शिकवताना हेच म्हणत होतो. एकदा एका आईनं विचारलं, “गुरुजी, पोरगं चुकल्यावरच का बोलावता?” आम्हाला उत्तर सुचलं नाही.

शिक्षकाची भीतीही अगदीच खोटी नाही, बरं का. खांबाचा दाता पाथरवटाच्या हातातली छिन्नी काढून घेऊ लागला, तर काम बिघडेलच. पण खांब उभा राहतोय का, हे बघायला त्यानं यायचंच नाही, असं कसं म्हणता येईल?

तेव्हा पुढची बैठक संध्याकाळी ठेवून बघा. आणि पहिलं वाक्य मुलाला काय येतं, याचं असू द्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.