वारसास्थळांचे देशी अभ्यागत : खानदेशातील तीन उदाहरणे

प्राचीन वास्तू कोणी व केव्हा बांधल्या, याची चिकित्सा आपल्याकडे विपुल झाली आहे. तेथे येणाऱ्या माणसांचा विचार मात्र क्वचितच होतो. देशी अभ्यागत हा एकजिनसी समुदाय मानून त्याची संख्या तेवढी मोजली जाते. खानदेश व त्याच्या सीमेवरील तीन स्थळे पाहता हे गृहीत टिकत नाही.

पहिले स्थळ पिंप्राळा. आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या या गावी आषाढी एकादशीस विठ्ठलाचा रथ निघतो. ज्यांना पंढरीस जाणे घडत नाही, असे अनेक भाविक येथे येतात. रथाचे वय किती, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही. रथ ओढणारा व चाकास मोगरी लावणारा यांस तर प्रेक्षक म्हणताच येणार नाही. त्यांच्या श्रमावाचून तो वारसा उभाच राहत नाही.

दुसरे स्थळ चाळीसगावनजीकचे पाटण. चंडिकादेवीच्या दर्शनास कुटुंबे येतात ती कुलाचारासाठी. अभ्यासक येतो तो येथील शिलालेखामुळे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ स्थापिलेल्या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने १२०७ साली दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. वंशप्रशस्ती संस्कृतात असून दानाचा काही तपशील जुन्या मराठीत आहे. विद्वान व व्यवहारी असे दोन वाचकवर्ग लेखकर्त्याने त्या काळीच ओळखले होते, असे यावरून अनुमान करता येईल.

तिसरे स्थळ अजिंठा. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये चित्रावरच आपले नाव कोरले. त्याच लेणीसमूहात बौद्ध भिक्षूंचे दानलेखही आहेत. आपला ठसा मागे ठेवण्याची इच्छा दोहोंत समान. परंतु एकाने स्थळास काही अर्पण केले, दुसऱ्याने त्याची हानी केली. आज शालेय सहली व सुटीतील कुटुंबे येथे मोठ्या संख्येने येतात.

तात्पर्य, वर्गीकरण व्यक्तींचे न करता हेतूंचे करावे. पाटणास नवस फेडावयास गेलेला गृहस्थच अजिंठ्यास सहलकरी होतो व आषाढीस पिंप्राळ्यात रथाच्या दोरास हात लावतो. केवळ सनावळी सांगणारा फलक त्याच्या एकाच रूपाशी बोलतो. भाविकास अडथळा मानून आखलेले संरक्षण तर वास्तू राखूनही तिच्याशी जडलेला लोकसंबंध गमावील. हा संबंध तुटल्यास पुढे वास्तूची काळजी वाहण्यास केवळ पहारेकरी उरेल.