खाड्यांच्या वाटेने विजयदुर्गाकडे

कोकणचा इतिहास आपण बहुधा घाटमाथ्यावर बसून वाचतो. तेथून पाहिले म्हणजे कोकण हा केवळ घाट उतरून जाण्याचा मुलूख वाटतो. बोरघाट, वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा ही नावे आपल्याला पाठ असतात, आणि या साऱ्या वाटा पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतात. परंतु उत्तरेकडून दक्षिणेकडे, समुद्राच्या अगदी कडेने, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माणसे कशी जात असत? उत्तर सोपे आहे. ती पाण्यावरून जात असत. किनाऱ्याची सडक ही अलीकडची गोष्ट. समुद्र हाच येथला राजमार्ग होता. सह्याद्रीतून निघालेली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी खाडी होते आणि जमिनीवरून चाललेल्या माणसाची वाट तोडून टाकते. अशा खाड्या येथे एकामागून एक आहेत.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर, मार्गशीर्षात, मी मुंबईहून विजयदुर्गापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने मोटारसायकलवरून गेलो. एकटाच, मुक्काम करीत करीत, सहा दिवसांत. असा प्रवास पूर्वी कधी केला नव्हता. घरच्या मंडळींनी विचारले, "सोबतीला कोणी नको का?" सोबत कोणाला नको असते! परंतु महामार्गाने एका दिवसात उरकणाऱ्या वाटेला सहा दिवस लावील असा सोबती मिळणे कठीण. तेव्हा मागच्या बैठकीवर एक पिशवी बांधली आणि मनात एक प्रश्न बांधून घेतला. ज्या मराठी आरमाराने पन्नास वर्षे या किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज यांना जेरीस आणले, ते १७५६ साली दोन दिवसांत कसे जळून गेले? पुस्तकातले उत्तर ठाऊक होते. तेच उत्तर किनारा एकेका खाडीवर थांबवून सांगतो, आणि तसे ऐकले म्हणजे ते निराळे वाटते.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोट २०२० साली सुरू झाली. तिच्या पोटात मोटारसायकल उभी करून मी वर येऊन बसलो. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पाण्याचा राजमार्ग म्हटला तरी तो कधीच फुकटाचा नव्हता.

मांडव्याहून थळच्या किनाऱ्यावर आले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडाऱ्याने खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली. मुंबईकर इंग्रजांनी ती मोडण्याचा जंग जंग प्रयत्न केला, परंतु बेट महाराजांकडेच राहिले. लगेच सिद्दीने शेजारची उंदेरी बळकट केली. बंदराच्या तोंडावरचा एक खडक ज्याच्या हाती, त्याच्या हाती बंदर, हे साधे शास्त्र दोघांनाही ठाऊक होते.

तेच शास्त्र पुढे अलिबागला पुरते उमगते. ओहोटीची वेळ साधून मी कुलाबा किल्ल्यात पायी गेलो. येथे कान्होजी आंग्र्यांचे ठाणे होते. १७१३ साली शाहू महाराजांकडून त्यांना सरखेल हे पद मिळाले आणि १७२९ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी गावातच आहे. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. कान्होजींचे म्हणणे इतकेच, की हे पाणी आमचे आहे, येथून जायचे असेल तर आमचे दस्तक घ्या. पोर्तुगीज तरी याहून निराळे काय करीत होते? १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले.

चौल-रेवदंड्यापाशी कुंडलिकेवर पूल आहे, त्यामुळे ती खाडी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओलांडली जाते. पलीकडे कोर्लईचा किल्ला. त्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून झालेली बोली घरोघर बोलतात. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. पोर्तुगीजांचे राज्य येथून १७४० साली गेले. भाषा मात्र चुलीपाशी बसून राहिली.

मुरुडला जंजिरा पाहिला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केला, संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात भराव घालून तेथवर पोहोचण्याचा उद्योग मांडला, तरी तो हाती आला नाही. सिद्दीचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. जंजिऱ्यामागे राजपुरीची खाडी आहे. आगरदांड्याहून दिघीला जायला गाड्या नेणारी फेरीबोट आहे. तिला इकडचे लोक जंगलजेटी म्हणतात. बोट पलीकडच्या काठावर होती. ती येईपर्यंत पाऊण तास बसलो. एकटा प्रवासी असल्या वेळी दुसरे काय करणार? खाडी पाहतो. पाहता पाहता ध्यानात आले, की या पाण्याचा धनी सिद्दी असेल तर दोन्ही काठांवरच्या माणसाला त्याच्याशी जमवून घ्यावे लागे, नाहीतर गाव सोडावे लागे.

असे गाव सोडलेल्या एका घराण्याचे मूळ पुढेच, श्रीवर्धनास आहे. दंडाराजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. आंग्र्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने त्यांचा छळ मांडला. बाळाजी विश्वनाथांच्या भावाला त्याने पोत्यात घालून समुद्रात बुडविले, असे बखरी सांगतात. बाळाजीपंत खाडी ओलांडून वेळासच्या भानूंकडे आले आणि पुढे त्यांच्यासह घाटावर गेले. हेच भानू पुढे फडणीस झाले. नाना फडणीस याच घरातले. १७१३ साली कान्होजींनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले असता, बाळाजीपंतांनी बोलणे लावून कान्होजींना शाहूंच्या पक्षात आणले. पेशवाई त्यांना त्याच साली मिळाली. म्हणजे भटांची पेशवाई आणि आंग्र्यांची सरखेली या एकाच वर्षी, एकाच समेटातून दृढ झालेल्या गोष्टी आहेत. समुद्र जाणणारे दोन शेजारी तेव्हा एकत्र बसले होते.

हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन बागमांडल्याला आलो. सावित्रीच्या खाडीवर पुन्हा जंगलजेटी. टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीने माझ्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

"एकटाच चाललास रे बाबा?"

"हो, आजी."

"घरी सांगून तरी आलायस ना?"

मी होय म्हणालो तेव्हा तिचे समाधान झाले. समोर बाणकोटचा किल्ला दिसत होता. तो लहान दिसतो, पण या कथेत त्याचे काम मोठे आहे. त्याला मी पुढे येईन.

वेळास, केळशी, आंजर्ले अशी वाट काढीत संध्याकाळी हर्णैला पोहोचलो. बंदरात माशांचा लिलाव ऐन रंगात आला होता आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा होता. कान्होजींच्या पराक्रमाचा आरंभ येथला. त्यांच्या घराच्या पडझडीचा आरंभही येथलाच. १७३३ साली सेखोजी आंग्रे वारले आणि भावाभावांत तंटा लागला. १७३५ साली बाजीरावांनी मध्यस्थी करून मानाजीला कुलाबा आणि संभाजीला विजयदुर्ग अशी वाटणी केली. तंटा मिटला, पण आरमार दोन झाले. संभाजीमागून तुळाजी आला. तो पराक्रमी खरा, तितकाच उद्दाम. पेशव्यांचा हुकूम त्याने मानला नाही आणि त्यांच्या मुलखालाही उपद्रव दिला. नानासाहेब पेशव्यांना त्याचा राग येणे स्वाभाविक होते. परंतु त्यांनी त्याला वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांचा हात धरला. सरसुभेदार रामाजी महादेव यांच्या मार्फत मार्च १७५५ मध्ये करार झाला, आणि पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे सुवर्णदुर्ग पडला. बाणकोटही लगोलग गेले.

हर्णैच्या किनाऱ्यावर उभे राहून मनात येते, ते राजकारणापेक्षा नात्याचे. नानासाहेब हे बाळाजी विश्वनाथांचे नातू. आजोबा सिद्दीला चुकवून खाडीतून निसटले होते. पाणी ज्याच्या हाती असते तो काय करू शकतो हे त्यांनी सोसून जाणले होते. नातवाचे सारे लक्ष मात्र उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या स्वाऱ्यांकडे. श्रीवर्धन ते शनिवारवाडा हे अंतर नकाशावर थोडे आहे, पण तेवढ्यात समुद्र नजरेआड झाला.

पुढची वाट लांब असली तरी थोडक्यात सांगतो. दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला, अशा आणखी दोन वेळा गाडी बोटीत चढविली. मुंबई धरून एकंदर पाच वेळा. दर खाडीवर रचना तीच: मुखाशी किल्ला, आत बंदर, आणि मधे तर. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहिले. रत्नागिरीला ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा पाहिला. इंग्रजांनी त्याला या किनाऱ्यावर आणून ठेवले आणि १९१६ साली तो येथेच वारला. राज्य घेतलेल्या राजाला समुद्र दिसेल अशा जागी ठेवावे, हा इंग्रजांचा आत्मविश्वास विचार करण्याजोगा आहे. समुद्र पुरता त्यांचा झाला होता.

सहाव्या दिवशी वाघोटणच्या खाडीवर विजयदुर्ग गाठला. तीन तटांचा हा किल्ला तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन येथे आला. पायदळ क्लाइव्हचे. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती. तुळाजी बोलणे करण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेला. किल्ला परस्पर पेशव्यांच्या हाती जाईल या भीतीने इंग्रजांनी तोफा सुरू केल्या. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकून आणलेले 'रिस्टोरेशन' हे जहाज खाडीत उभे होते. त्यावर गोळा पडून आग लागली आणि ती शेजारी नांगरलेल्या गुराबांवर आणि गलबतांवर पसरली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. दहा लाखांच्या आसपास लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचा ठरला असताना त्यांनी तो महिनोन् महिने सोडला नाही. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना गेले. आजीच्या टोपलीमागे दिसलेला तो लहानसा किल्ला तो हाच. तुळाजीने उरलेले आयुष्य कैदेत काढले. वॉटसन आणि क्लाइव्ह मात्र येथून पुढे बंगालकडे वळले. १७५७ साली प्लासीची लढाई झाली.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. विजयदुर्ग परत मिळाल्यावर पेशव्यांनी तेथे आरमार ठेवले, आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडलेही. पराक्रम संपला नव्हता. पण किनाऱ्यावरून जाणाऱ्या परक्या जहाजाने आपले दस्तक घ्यावे, ही जरब त्या आगीनंतर परत आली नाही. तुळाजीला शिक्षा करायची होती ती झाली. जळाले मात्र ते आरमार एकट्या तुळाजीचे नव्हते.

किल्ल्यापासून जवळच गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटी लागली की कोरड्यात त्याची डागडुजी करायची, अशी ही खडक फोडून केलेली जागा. मी गेलो तेव्हा तळाशी चिखल होता आणि भरती नुकतीच लागत होती. पाणी आपल्या वेळेला आत येत होते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रावरचे आहेत, ही आनंदाची गोष्ट. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल बांधण्याची योजनाही आहे. ते व्हावेत. रात्रीअपरात्री दुखणाईत माणसाला घेऊन तरीची वाट पाहणाऱ्याला पुलाची किंमत विचारावी. पण तोवर ज्याला जमेल त्याने, सोबतीने किंवा एकट्याने, एकदा या वाटेने जावे आणि जंगलजेटीची वाट पाहत एखाद्या काठावर पाऊण तास बसावे. पाण्याकडे पाठ केली म्हणजे काय होते, ते येथे शेजारी बसलेली एखादी म्हातारीही सांगेल. तिचा पहिला प्रश्न मात्र घरी सांगून आलास का, हाच असेल.