ईसीआर शेऱ्याची कुळकथा

उमरग्याचा नववी शिकलेला गवंडी सौदीला निघाला, की त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) हा शेरा असतो. आखाती देशांत किंवा मलेशियात कामाला जायचं, तर आधी सरकारची परवानगी काढायची. दहावी पास झालेल्या धाकट्या भावाला ही अट नाही. जणू दहावीचं गुणपत्रक हातात असलं की एजंट फसवतच नाही!

या शेऱ्याचा मूळपुरुष १८३७ चा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना माणसं कमी पडू लागली. १८३४ पासून कलकत्त्याहून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, जाऊ लागले. मग कंपनी सरकारने कायदा केला: मजूर आणि त्याला नेणारा एजंट, दोघांनी अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं आणि कराराच्या अटी लेखी दाखवायच्या. मुदत पाच वर्षं, नंतर परतीची सोय. त्याच वर्षी हा नियम मुंबई बंदरालाही लागू झाला. मॉरिशसचे मराठी मजूर पुढे तिथूनच गेले. कायद्याने फसवणूक मात्र थांबली नाही. इतकी ओरड झाली की १८३९ मध्ये मजूर पाठवणंच बंद करावं लागलं. १८४२ मध्ये मॉरिशसची वाट पुन्हा उघडली.

१९१७ मध्ये गिरमिट थांबलं, १९२२ मध्ये नवा कायदा आला. तेलाच्या पैशावर आखात उभं राहू लागलं तेव्हा हा जुना कायदा अपुरा पडला, आणि १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. आज ही परवानगी ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावरून मिळते. एजंट सरकारकडे नोंदलेला हवा, करार हवा, विमा हवा. एजंटने मजुराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापलीकडे काही घ्यायचं नाही. अर्ज ऑनलाइन झाला, तरी अटी अधिकाऱ्याला दाखवायच्या ही रीत १८३७ चीच.

मला खटकतं ते वेगळंच. कळंब-भूमकडचा कोयता, म्हणजे ऊसतोड जोडपं, उचल घेऊन कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर जातो, तेव्हाही राज्याची हद्द ओलांडतोच. त्यासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा झाला. ठेकेदाराला परवाना आणि मजुराला फोटो लावलेलं पासबुक, असं त्यात लिहिलं होतं. ऊसतोडीच्या फडात हिशेब चालत राहिला तो मुकादमाच्या वहीवरच.